डाव्या अंगाची तिसरी फळी

२२ जून २००९, सोमवार

नीताने पुण्याहून पाठवलेला फॉर्म. पहिलाच प्रश्न : ‘आपल्याविषयी थोडक्यात लिहा.’ थोडक्यात म्हणजे किती ओळी, ते दिलेलं नाही. इथे कच्चं लिहितो, मग बाजारात जाऊन कॉम्प्युटरवर उतरवीन.

स्वतःच्या हाताने केलेलं :

होड्या ४१. सगळ्या लाकडी. तेरा हातांपासून बावीस हातांपर्यंत.

राहतं घर, चिऱ्यांचं बांधकाम सोडून. दारं, खिडक्या, वासे, जिना.

नीताचा पाळणा. पुढे तोच आळीतल्या नऊ पोरांना पुरला. अजून कुरकुरत नाही.

विहिरीवरचा रहाट. दोन बोटांनी फिरतो.

देवळातल्या पालखीचे दांडे.

बायकोची, म्हणजे सुमनची, खवणी. पातं जुन्या करवतीचं.

नववी नापास. शिकवलं कुणी नाही. बघून शिकलो आणि जे बघायला मिळालं नाही ते मोडून बघितलं.

एवढं पुरे. ४१ लिहिलं आहे. खरा आकडा ४२. खोडलं नाही, सुधारलंही नाही.

दुसरा प्रश्न : ‘त्रास कधीपासून?’ सप्टेंबर २००७. तिसरा : ‘कशामुळे सुरू झाला असं वाटतं?’ कोरा सोडला.

चौथा : ‘अस्वस्थता ० ते १० मध्ये किती?’ ६.२५.


२३ जून

नीताचा फोन. फॉर्म वाचून दाखवला.

“बाबा, सव्वा सहा कोण लिहिता?”

म्हटलं, सहा म्हटलं तर कमी होतं, साडेसहा जास्त.

हसली. मग रडल्यासारखा आवाज. मला फोनवर ते कळतं, उगाच सर्दी झाली म्हणते. आधी इथल्या डॉक्टरांनी छातीची पट्टी काढून सांगितलं होतं, हृदय उत्तम, विचार जास्त. गोळ्या दिल्या. गोळ्यांनी हात जड झाला, रंधा सरळ जाईना. बंद केल्या. त्यांनी कोल्हापूरच्या कुणा मनाच्या डॉक्टरचं नाव दिलं होतं. कसालला गाडी बदला, फोंडाघाट चढा, ओका, आणि परत आल्यावर सगळ्या गावाला सांगा कुठे गेलो होतो. नाही जमणार.

म्हणून हे समुपदेशन. इंटरनेटवरून, पलीकडे एक मॅडम. समोर माणूस नाही, नुसती अक्षरं. सहा शुक्रवार, प्रत्येकी पन्नास मिनिटं. नीता म्हणते, “पुस्तक बघून इंजिन उघडलास मा तुमी? तसाच समजा.”

उघडलं होतं. पण ते दुसऱ्याचं होतं.


२५ जून

बाजारातली ती झेरॉक्सवाली अर्चना, तिच्याकडे चार कॉम्प्युटर आहेत. जाऊन पाहणी केली. मधला आडोसा प्लायवूडचा, बसल्यावर खांद्यापर्यंत येतो. शेजारचा मान वळवली की सगळं वाचणार. पडदाही नाही. म्हटलं, हे असं चालणार नाही. ती म्हणाली, “चार वर्सां चलता काका.” घरी आलो, दोन तासांत दीड फुटाची वाढीव फळी तासून, बिजागरी लावून घेऊन गेलो. बसवली. हवी तेव्हा वर, नको तेव्हा खाली.

अर्चना बघत राहिली. “काका, कोणाक प्रेमपत्रां लिवतलास?”

मराठी अक्षरं कोणत्या बटणावर आहेत ते तिलाही ठाऊक नाही. सगळे म्हणे इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितात. मी लिहिणार नाही. एकेक बटण दाबून तक्ता तयार केला. पुठ्ठ्यावर, लाल-काळ्या शाईने. ‘ज्ञ’ सापडायला पंधरा मिनिटं.

उद्या चार वाजता पहिलं.


२६ जून, शुक्रवार. सेशन १

चारला दोन मिनिटं असताना बसलो. बरोबर चारला पडद्यावर अक्षरं : ‘नमस्कार. मी इथे आहे. तुम्ही कसे आहात?’

एका बोटाने लिहितो. ‘नमस्कार’ लिहून होईपर्यंत चार वाजून तीन.

मॅडमचं वय विचारलं. म्हणाल्या, तुमच्या मुलीपेक्षा मोठी, तुमच्यापेक्षा लहान. बरं उत्तर.

काय होतं ते विचारलं. लिहिलं : बाबीची होडी माझ्या मांडवात तयार आहे. फेब्रुवारीपासून तयार. मी ती तयार म्हणत नाही. रोज सकाळी हातोडीने प्रत्येक खिळ्यावर टक् करतो, आवाज ऐकतो. तिनदा. मध्ये कुणी हाक मारली तर पहिल्यापासून. डाव्या अंगाच्या तिसऱ्या फळीचा सांधा पाच वेळा उघडून परत भरला. कापूस, चंद्रूसाची राळ, तेल, सगळं नव्याने. सांध्यात दोष नव्हता. पाचही वेळा नव्हता.

त्यांनी विचारलं, होडी दिली तर काय होईल?

तेव्हा आमची पद्धत सांगावी लागली. नवी होडी पाण्यात उतरते तेव्हा पहिला पाय करणाऱ्याचा. तो पुढे नाळेत बसतो, मालक मागे. खाडीच्या तोंडापर्यंत जाऊन परत. ते झाल्याशिवाय होडीत जाळं चढत नाही. मी एकेचाळीस वेळा बसलो आहे.

‘आणि आता?’

आता मी दोन वर्षांत पाण्याला पाय लावलेला नाही, असं लिहायला घेतलं. ‘लावलेला’पर्यंत पाठवलं आणि लाइट गेली. सगळं काळं.

अर्चना म्हणाली, “आता सात वाजता येतली.” मी तिला असा बोललो जसं काही महावितरण तिचंच आहे. परत जाऊन माफी मागायला हवी.


२८ जून

बाबी तांडेल आला. छत्री मिटली नाही, तसाच मांडवाखाली उभा. त्याची जुनी होडी किनाऱ्यावर कुजली. नारळी पौर्णिमा पाच ऑगस्टला. त्या दिवशी त्याला नव्या होडीतून जायचंय.

“मेस्त्री, होडी पुरी झाली मरे!”

म्हटलं, सांधा बघायचाय.

“कितक्यांदा बघतलंस? ह्या होडयेत बसान माका मासे धरूक जावचा आसा. बायल बघूक नाय.”

म्हटलं, तुला घाई असेल तर फायबरची घे.

तो हसला नाही. “फायबर घेवचा असता तर तुज्याकडे इलंय असतंय? तू बसलंस काय मी बसतलंय.”

गेला. मग मी परत पहिल्या खिळ्यापासून.


३ जुलै, शुक्रवार. सेशन २

लाइट होती. मॅडमनी गेल्या वेळचं अर्धं वाक्य जपून ठेवलं होतं. ‘पाय लावलेला’ — पुढे काय, असं विचारलं. लिहिलं.

मग विचारलं, सप्टेंबर २००७ मध्ये काय झालं?

लिहिलं. कोरडं लिहिलं, पोलिसांना लिहून दिलं होतं तसंच. होडी क्र. ३८, फॉर्मात न धरलेली. मालक वसंत, माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. खाडीच्या तोंडावर उलटली. होडीत तिघे. दोघं पोहून आले. वसंता तिसऱ्या दिवशी सापडला. होडी खडपावर आपटून फुटली. दोघांपैकी एक म्हणतो मोठी लाट आली. दुसरा म्हणतो, लाटेच्या आधीच पायाखाली पाणी होतं.

मला वाटलं कनेक्शन गेलं. मग आलं : ‘मी वाचते आहे. सावकाश.’

घरचा अभ्यास : खिळे रोज एकदाच तपासायचे. तिनदा नाही. परत जावंसं वाटलं तर दहा मिनिटं थांबायचं आणि आकडा लिहायचा.

दहा मिनिटांत काय होणार.


४ जुलै : एकदा तपासले. मग ७. दहा मिनिटांनी ७.५. परत गेलो.

५ जुलै : एकदा. ७. विहिरीवर जाऊन रहाटाला तेल घातलं, गरज नसताना. २५ मिनिटं. ५. परत गेलो नाही. दुपारी गेलो.

६ जुलै : सुमन मांडवात आली होती. कधी येत नाही. पदर डोक्यावर, हातात चहा. मी खिळा ऐकत होतो, म्हणून बोललो नाही. ती होडीकडे बघत उभी. मग म्हणाली, “चाय थंड झाली,” आणि ठेवून गेली.

ती वसंताचं नाव माझ्यासमोर घेत नाही. मीही नाही. दोन वर्षं आम्ही घरात मीठ, गॅस, नीता, पाणी एवढंच बोलतो.

७ जुलै : तिनदा. लिहायला लाज वाटते.


१० जुलै, शुक्रवार. सेशन ३

आज मी तयारीने गेलो होतो. मांडवामागे गोणपाटाखाली एक फळी आहे. ३८ची, डाव्या अंगाची तिसरी. अख्खी किनाऱ्याला लागली होती. तिच्या कडेला कापूस नाही. सगळा निघालेला. आता तो खडपावर आपटून निघाला की आधीच सुटला होता? त्यावर सगळं आहे. मी फळीचं मापांसकट चित्र काढलं. खिळ्यांची भोकं, ओरखड्यांची दिशा, कुठे किती खोल. अर्चनाने स्कॅन करून पाठवलं. “काका, ह्या कसला, घराचा प्लॅन?” म्हटलं हो.

मॅडमना लिहिलं : हे बघून सांगा. आधी की नंतर.

त्या : ‘मला होडीतलं कळत नाही. पण समजा उत्तर मिळालं, “नंतर.” मग उद्या सकाळी तुम्ही खिळे किती वेळा तपासाल?’

मी लिहिलं, ‘हा प्रश्न नाही.’ उठलो. सतरा मिनिटं शिल्लक होती. आडोशाची वाढीव फळी खाली पाडली आणि निघून आलो. इतकं शिकलेल्या बाईला साधी गोष्ट विचारली तर उलट मलाच विचारते.

घरी येईपर्यंत त्याच प्रश्नाचं उत्तर देत होतो. तिनदा. ‘नंतर’ आलं तरी तिनदाच.


१२ जुलै

तारकर्लीकडे नवं हॉटेल होतंय, त्याचा मालक आला. घाटावरचा माणूस, पांढरे बूट, चिखलात. बाबीची होडी बघून खूष.

“मिस्त्री, असली वस्तू आता कुठं मिळतीय! लॉनवर ठिवायची. आत आइसक्रीमचा काउंटर. पाण्यात कशाला घालताय?”

म्हटलं ही दुसऱ्याची आहे. म्हणाला, त्याचंही मी बघतो, त्याला फायबरची घेऊन देतो. सगळ्यांचं भलं. विचार करा.

गेल्यावर मी मांडवात बसलो. पाण्यात जाणारच नाही अशी होडी. सांधा कसाही असो. आत पोरं आइसक्रीम खातात. आकडा लिहिला : २. दोन वर्षांतला सगळ्यात कमी.

आणि मग स्वतःचाच राग आला.


१४ जुलै, मंगळवार

सेशनचा वार नाही, तरी अर्चनाकडे गेलो. मॅडमना मेल. सव्वा तास लागला. प्रत इथे ठेवतो.

‘फळीचं विचारलं ते खरं नव्हतं. म्हणजे खरं होतं, पण मूळ ते नाही. वसंता जायच्या आठ दिवस आधी माझ्याकडे आला होता. मी तेव्हा खिडकीची चौकट जुळवत होतो. तो म्हणाला, भावजी, होडी डाव्या बाजूने थोडी पाझरता, येवन बघशात काय. मी वर मान केली नाही. म्हटलं, माझी होडी गळणा नाय. तुका पाणी उपसूक जड जाता म्हणान सांग. तो हसला. बराय म्हणाला. चौकटीत एक सूत फरक येत होता, तो मी काढत बसलो. होडी मांडवापासून तीनशे पावलांवर होती. मी गेलो नाही. वेळ नव्हता असं नाही. वेळ होता.’

पाठवलं. अर्चना म्हणाली, “काका, बरा नाय वाटणा काय? पाणी देव?” प्यायलो. शुक्रवारी मॅडमना तोडून बोललो ते तिला काय कळणार, तरी तिलाच सॉरी म्हटलं. २६ तारखेच्या लाइटबद्दलचंही त्यातच.


१७ जुलै, शुक्रवार. सेशन ४

मला वाटलं होतं, त्या म्हणतील तुमचा दोष नाही. मी त्यावर काय लिहायचं ते तयार ठेवलं होतं.

त्या म्हणाल्या : ‘तुम्ही गेला असता तर काय झालं असतं, हे मला किंवा तुम्हाला कधीच कळणार नाही. तुम्ही गेला नाहीत, एवढं खरं आहे. हे खरं घेऊन तुम्ही दोन वर्षं एकटे बसला आहात.’

मग : ‘हे आणखी कुणाला सांगितलंत?’

नाही.

‘कुणाला सांगायला हवं असं वाटतं?’

मी लिहिलं, ‘तुम्हाला ठाऊक आहे.’ त्यांनी लिहिलं, ‘मला अंदाज आहे. ठाऊक तुम्हाला आहे.’

बाईचा हात पक्का आहे. खिळा एकाच ठोक्यात.


१८ जुलै : स्वयंपाकघरात गेलो. सुमन फणसाच्या आठळ्या सोलत होती. “काय व्हया?” म्हटलं सुरी. सुरी घेऊन परत आलो. सुरीचं काय करायचं ते सुचेना, धार लावून ठेवली.

१९ : परत गेलो. दुसरी सुरी.

२० : “घरातले सगळे सुरये झाले. आता कोयतो देव काय?” म्हणाली. हसली नाही. पण बघत होती.

खिळे तिन्ही दिवस एकदाच. कारण माहीत नाही. लक्षच नव्हतं.


२२ जुलै, बुधवार

सांगितलं.

पडवीत. ती भात निवडत होती, मी खांबाला टेकून उभा. बसून सांगता आलं नाही. मॅडमना लिहिलं होतं तेच सांगितलं, चौकटीतल्या सुताच्या फरकासकट. तिचे हात थांबले नाहीत. खडा काढला, बाजूला टाकला.

“माका म्हायत आसा,” म्हणाली.

मला वाटलं ती वेगळं काही समजली. परत सुरुवात केली.

“माका म्हायत आसा म्हटलंय. तो तुमच्याकडसून थेट हंयच इल्लो. ह्या पायरेर बसान चाय पिल्यान. हसत होतो. ‘ताई, भावजी म्हणतत माझी होडी गळणा नाय.’ तुमची नक्कल केल्यान.”

“मगे तू बोललंस कित्याक नाय?”

“तुमी आज बोलतलास, उद्या बोलतलास म्हणान वाट बघीत होतंय.” सूप आपटून कोंडा उडवला. “दोन वर्सां. तुमी आपले खिळे मोजतास.”

माफ केलं असं म्हणाली नाही. मी माफी मागितलीही नव्हती, ते आता लिहिताना लक्षात येतंय.

ती उठली. आत जाता जाता : “ती फळी मांडवामागे भिजता. हंय हाडा.”

तेही ठाऊक होतं.

फळी आणली. तिने ओल्या फडक्याने पुसली, मग कोरड्या. पडवीच्या भिंतीला उभी केली. आडवी नको म्हणाली.


२४ जुलै, शुक्रवार. सेशन ५

मॅडमना सगळं लिहिलं. त्यांनी विचारलं, सांगितल्यावर कसं वाटलं? लिहिलं : हलकं नाही. पण वजन दुसरीकडे गेलं. होडीत दगड एका बाजूला असले की कलते, मधे सरकवले की तेवढंच वजन घेऊन सरळ चालते. तसं.

‘हे मी लिहून घेतलं,’ म्हणाल्या. बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

मग पायऱ्या ठरवल्या. त्यांनी चार दिल्या : होडीकडे बघत बसणं, होडीत बसणं, पाण्यात पाय, पाण्यात होडी. मी म्हटलं दोन आणि तीनमध्ये अंतर फार. मधे दोन घातल्या. जमिनीवरच्या होडीत नाळेत बसणं, ते वेगळं. आणि बाबी मागे बसलेला असताना बसणं. मान्य केल्या.

शेवटी त्यांनी आठवण दिली, पुढचा शुक्रवार शेवटचा. मला ठाऊक होतं. तरी चमकलो.


२७ जुलै

तिसरी पायरी. नाळेत बसलो. घड्याळ लावून वीस मिनिटं. ८, ८, ७, ६. घाम. मांडवाबाहेर पाऊस, आत लाकडाचा वास. डावा हात तिसऱ्या फळीवर होता, काढला नाही.

बाबी आला, मला बघितलं, काही न विचारता मागे चढून बसला. सुक्या जमिनीवर दोघं होडीत. पाच मिनिटांनी म्हणतो, “मेस्त्री, मासो काय गावणा नाय रे आज.”

मी हसलो. कधी हसलो होतो ते आठवत नाही, हा आकडा नाही माझ्याकडे.


२९ जुलै

पाचवी पायरी. खाडीच्या काठाला घोट्यापर्यंत. ७. सुमन वर रस्त्यावर छत्री धरून उभी होती. हाक मारली नाही. मी वळलो तेव्हा चालू लागली होती.

दुपारी खिळे दोनदा. मागे गेलो. असं होणार म्हणून मॅडमनी बजावलं होतं. तरी राग येतोच.


३१ जुलै, शुक्रवार. सेशन ६

सुरुवातीला दिलेला फॉर्म परत भरायला लावला. तोच. ‘आपल्याविषयी थोडक्यात.’

या वेळी लिहिलं : होड्या ४२. त्रेचाळिसावी अजून पाण्यात नाही. बाकी रहाट, पाळणा वगैरे लिहिलं नाही.

अस्वस्थता ० ते १० : रिकामं सोडलं. मॅडमनी विचारलं, राहून गेलं का? लिहिलं, जमिनीवरचा आकडा ४.५. पाण्यावरचा घेतलेला नाही. न मोजता लिहीत नाही.

मी विचारलं, सातवं असतं का? म्हणाल्या, आत्ता नाही. तीन महिन्यांनी गरज वाटली तर परत बोलू. आत्ता जे शिकलात ते वापरून बघा. म्हटलं, मी काय शिकलो? ‘थांबायला,’ असं आलं. मग, ‘आणि सांगायला.’

पाच मिनिटं उरली होती. काय लिहायचं सुचेना. उठून जायचंही नव्हतं. विचारलं, तुम्ही कधी होडीत बसला आहात? म्हणाल्या, नाही, मला पाण्याची भीती वाटते. मी दहा मिनिटं थांबायला सांगितलं असतं, पण वेळ संपला होता.

अर्चनाने विचारलं, वाढीव फळी काढून नेणार का? म्हटलं राहू दे. “बरा झाला. कॉलेजातली पोरां थंयच बसाक मागतत.”


३ ऑगस्ट

हॉटेलवाला परत. या वेळी बाबीला घेऊनच आला. बाबी पायाने वाळू उकरत उभा.

“मिस्त्री, तांडेलांची हरकत न्हाई. त्यांना फायबरची, तयार, परवाच्या आत. तुमची रक्कम वेगळी.” आणि आकडा वाढवला. मागच्या वेळी मी आकडा ऐकूनच घेतला नव्हता.

बाबीकडे बघितलं. म्हणाला, “मी तुज्याखातर म्हणतंय मेस्त्री. तुका त्रास होता तर कित्याक? होडी काय, खंयची बी चलात माका.” माझ्याकडे न बघता. त्याला फायबर नको आहे. मला सोडवायला बघतोय. वसंताला खांदा द्यायला तो पुढे होता.

उद्या सांगतो म्हटलं.

सुमनला विचारलं. म्हणाली, “माका काय इचारतास?” मग भाकरी उलटून : “बाबीची होडी गळता?”

“नाय.”

“बघलास?”

“बघलंय.”

“किती वेळा?”

म्हटलं, आज एकदा.

भाकरी टम्म फुगली.


५ ऑगस्ट २००९, बुधवार. नारळी पौर्णिमा. सकाळ

अकराच्या सुमारास भरती. आता पावणेनऊ. खिळे एकदा तपासले, सव्वासातला. परत जावंसं वाटलं, म्हणून हे लिहायला बसलो.

बाबीकडची माणसं मांडवात जमलीत, ओंडके अंथरून झालेत, आवाज येतोय. वारा पश्चिमेचा. खाडीच्या तोंडावर लाट फुटते आहे, इथून पांढरं दिसतं. आकडा ८.

सुमनने नारळ सोलून ठेवला. मग तिच्या कपाटातली वसंताची एक टोपी आणून माझ्यासमोर टेबलावर ठेवली. घाला असं म्हणाली नाही. नको असंही नाही. आता ती पडवीत त्या फळीपाशी आहे.

नीताचा फोन. “बाबा, बसतलास मा?” म्हटलं भरतीला अजून दोन तास आहेत.

बाबी हाका मारतोय.

हॉटेलवाल्याला काल फोन करून नाही म्हणून सांगितलं. होडी लॉनवर जाणार नाही. त्याने फोन ठेवता ठेवता शेवटचा आकडा सांगितला, तो इथे टिपून ठेवतो, म्हणजे मी काय नाकारलं ते मला नेमकं ठाऊक असावं : कधीच पाण्यात न जाणाऱ्या होडीचे रुपये दोन लाख दहा हजार.